धुळ्यात शेवंड आली त्याची गोष्ट

माझे सासरे धुळ्याच्या बसडेपोत वाहतूक नियंत्रक होते. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना नाना म्हणतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बसस्थानकावरचा माईक अजून त्यांच्या गळ्यातून निघालेला नाही. सकाळी चहा झाला की ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, फलाटावर गाडी लागल्याचं सांगावं तसं सांगतात, "चहा झालेला आहे. ज्यांना घ्यायचा त्यांनी घ्यावा."

सासूबाई अगदी उलट. आई कमी बोलतात, आणि जे बोलतात ते अहिराणीत. मी असोद्याची, म्हणजे जळगावच्या बाजूची. लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं "माले" आणि माझं "मले" यावरून आम्ही दोघी एकमेकींना हसायचो. आता मी शाळेत शिकवताना प्रमाण मराठी बोलते, घरी अर्धीमुर्धी अहिराणी, आणि माहेरी फोन लावला की दुसऱ्याच वाक्याला असोद्याची होते.

आईंना काही मागताना मी कधी पाहिलं नव्हतं. साडी घ्यायला नेलं तर दुकानदार पहिली जी उलगडेल ती त्यांना पसंत. दिवाळीला काय करू विचारलं तर म्हणायच्या, "तुमले आवडी ते करा." नानांना याचा राग यायचा. पण रागावणार कुणावर? जी बाई काहीच मागत नाही तिच्याशी भांडता येत नाही.

त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला माझा नवरा सुट्टी काढून दीपनगरहून आला. तिथल्या वीजकेंद्रात तो नोकरीला आहे, त्यामुळे आमचा संसार आठवड्याच्या सुट्टीला जमेल तसा जमतो. त्यानेच ठरवलं की आज बाहेर जेवायचं. सुरत हायवेला एक नवं हॉटेल झालं होतं, बाहेर हिरवळ, आत मंद दिवे. आई नवी साडी नेसून, हातात रुमाल धरून, खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. कुणी उठवलं तर पटकन उठता यावं अशा.

मेनूकार्ड आलं. नानांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. ते कुठलीही छापील गोष्ट मधूनच वाचत नाहीत. सूप वाचून झालं, सॅलड वाचून झालं. तोवर वेटर दोनदा येऊन गेला. मधल्या पानावर फोटो होते. आईंनी तिथे बोट ठेवलं.

"हाई काय शे?"

पांढऱ्या ताटलीत एक लालभडक प्राणी उभा चिरून ठेवला होता. पाठीच्या कवचात पिवळसर काहीतरी भरलेलं, वरून भाजून डाग पडलेले. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, लॉबस्टर थर्मिडॉर. मी सांगितलं की हा समुद्रातला प्राणी आहे, झिंग्याचा मोठा भाऊ म्हणा. त्याचं मांस काढून दूध, लोणी आणि चीज घालून शिजवतात, परत त्याच्याच कवचात भरतात आणि भट्टीत भाजतात.

आईंनी फोटो जवळ घेऊन पाहिला. मग कार्ड खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "माले हाई पाहिजे."

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. नानांनी चष्मा काढला. नाना स्वतः मांसमच्छी खात नाहीत. गळ्यात माळ वगैरे नाही, एका मोठ्या आजारपणानंतर सोडलं ते सोडलंच. आई मात्र खातात, आमच्याकडे मटण त्यांच्याच हातचं होतं. नाना माझ्याकडे वळले. "याला मराठीत काय म्हणतात, सूनबाई?"

"शेवंड," मी म्हणाले. ही एवढी माहिती द्यायला मला उगाच बरं वाटलं.

नानांनी वेटरला हाक मारली. वेटर पिकल्या मिशांचा, शांत माणूस होता. त्याला नानांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "एक शेवंड. बाकी आम्ही नंतर सांगतो."

वेटरने मान हलवली आणि बऱ्याच वेळाने वाफाळती शेवभाजी आणून आईंसमोर ठेवली.

आमच्याकडे शेवभाजी म्हणजे घराघरातली गोष्ट. झणझणीत काळ्या मसाल्याचा रस्सा, त्यावर जाड तिखट शेव. आईंनी वाटीत पाहिलं, फोटोत पाहिलं, आणि हसू दाबायला रुमाल तोंडाला लावला. वेटरला चूक कळली तेव्हा तोही ओशाळून हसला. कार्डावरचा फोटो पाहून म्हणाला, "ते नही शे, काका."

"आज नाही?"

"आज नही शे."

"उद्या आहे?"

"उद्याबी नही शे."

"मग कधी आहे?"

वेटरने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आई म्हणाल्या, "राहू द्या. नही ते नही. हाई शेवभाजी चांगली दिखस." आणि त्यांनी भाकरी मोडायला घेतली.

विषय तिथे संपायला हवा होता. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी नाना मला म्हणाले, "वेळापत्रकात जी गाडी लिहिलेली आहे ती फलाटाला लागली पाहिजे. लागणार नसेल तर फळ्यावरून पुसून टाका. प्रवाशाला ताटकळत ठेवायचं नाही."

मी म्हटलं, "नाना, हॉटेलं असं छापतातच. शोभेला."

"गाडी शोभेला लिहीत नाहीत."

पुढच्या महिन्यात नवरा आला तेव्हा नाना स्वतःहून म्हणाले, चला, त्याच हॉटेलात जाऊ. पुन्हा तेच घडलं, फक्त या वेळी शेवभाजी आली नाही. वेटरने दुरूनच हात हलवून नाही म्हणून सांगितलं. आईंनी पनीर खाल्लं. मला वाटलं आता तरी संपलं.

मग एका दुपारी मी शाळेतून स्कूटीवर येत होते. नाना कोपऱ्यावर उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. मागे बसले आणि म्हणाले, "गाडी हायवेला घे."

दुपारची वेळ, हॉटेल रिकामं. गल्ल्यावर मालक बसला होता. तरुणच होता, साक्री तालुक्यातला, बोलण्यात अजून गाव होतं. नानांनी खुर्ची ओढून घेतली आणि फार सभ्यपणे विचारलं, "हा पदार्थ तुम्ही छापला आहे. तो मिळत नाही. तर मग छापला कशासाठी, एवढंच मला समजून घ्यायचं आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालक भांडेल असं वाटत होतं. पण त्याने कार्ड उघडून ते फोटोचं पान समोर धरलं.

"काका, मी गोव्यात होतो," तो म्हणाला. "मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये. कांदे सोलण्यापासून सुरुवात केली. शेवटी शेवटी हे माझ्याकडे होतं. फक्त हे. खाऊन झालं की लोक आत यायचे, कुणी केलं विचारायचे, हात मिळवायचे. मग घरून निरोप आला, वडिलांना होत नाही, परत ये. आलो. हायवेच्या कडेला हे हॉटेल टाकलं. कार्ड करायला बसलो तेव्हा सगळं आपल्या लोकांचं लिहिलं. शेवभाजी, मटण, दालबट्टी. शेवटी हे पण लिहून टाकलं. काढून टाकायला जीव होईना."

"मग करत का नाही?"

"मागतं कोण? एवढ्या दिवसांत तुम्ही पहिले मागणारे."

नाना थोडे मागे सरकून बसले. बसस्थानकावर भांडायला आलेला प्रवासी खरोखरच अडचणीत आहे हे कळल्यावर ते असेच बसत असतील.

"मी नाही मागितलं," ते म्हणाले. "मी तर खातही नाही. तिने मागितलं." आणि मग जरा थांबून, "ती काही मागत नाही कधी."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो म्हणाला, "शेवंड मिळाली तर मी करतो, काका. मनापासून करतो. पण ताजी पाहिजे. बर्फात महिना महिना राहिलेली आणून मी त्या आजींना देणार नाही."

"ताजी शेवंड मी आणतो," नाना म्हणाले. धुळ्यापासून समुद्र किती लांब आहे हे त्या क्षणी त्यांच्या डोक्यात नसावं. किंवा असेल, कारण किलोमीटर तर त्यांना पाठ असतात.

नानांचा एक जुना मित्र होता. वाहकाची नोकरी संपल्यावर लेकीकडे डहाणूला जाऊन राहिलेला. नानांनी त्याला फोन लावला, पाऊण तास गप्पा मारल्या, आणि शेवटी कामाचं सांगितलं. मित्र म्हणाला त्यात काय, ओळखीच्या कोळणीकडून घेतो, ओल्या गोणपाटात गुंडाळून, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या बाटल्या टाकून, संध्याकाळच्या गाडीत ठेवतो. रात्रभराचा प्रवास, सकाळी धुळ्याला. वाहक ओळखीचा आहे. गाडी पुढे जळगाव, भुसावळला जाते. धुळ्याला तुम्ही फलाटावर उभे राहा म्हणजे झालं.

रविवार ठरला. शनिवारी रात्री मित्राचा निरोप आला, दोन शेवंडी निघाल्या आहेत, दोन्ही जिवंत. नानांनी सकाळी दाढी केली, पांढरे कपडे घातले, आणि रिक्षाने बसस्थानकावर गेले. मला म्हणाले, "ती गाडी साडेसातला लागते. मी सातला पोचतो." फोन मात्र चार्जिंगला लावलेला तसाच विसरले.

पावणेसातला तो फोन वाजला. आईंनी माझ्याकडे आणून दिला.

"ताई, डब्याला कोणी आलं नाही," पलीकडून वाहक बोलत होता. "मी थांबलो जेवढं थांबता येतं तेवढं. गाडी सुटली. आम्ही आत्ता पारोळ्याच्या रस्त्याला लागलो. आणि ताई, डब्यात काहीतरी खरखरतंय. मागच्या बाकावरच्या मावशी पुढे येऊन बसल्या."

मी विचारलं, गाडी साडेसातची ना? तो म्हणाला, अहो, वेळ बदलली, बरेच महिने झाले.

मी वाहकाला सांगितलं, जळगावला डबा घ्यायला माझा भाऊ येईल. भावाला उठवलं. तो असोद्याहून मोटारसायकलवर निघाला, तोंडही न धुता. मग मी स्कूटी काढून बसस्थानकावर गेले. नाना फलाटावर ताठ उभे होते, घड्याळाकडे पाहत, पूर्ण विश्वासाने. मी जाऊन सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं. त्यावर नवी वेळ स्वच्छ लिहिलेली होती. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना गाड्यांच्या वेळा सांगितल्या त्याची गाडी चुकली होती.

मला वाटलं ते स्वतःवर चिडतील. ते फळ्याखाली उभे राहून हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. शेजारचा केळीवाला विचारू लागला, बाबा काय झालं. नाना म्हणाले, "काही नाही. मी फळा वाचला नाही."

जळगावच्या स्थानकावर भावाने डबा उतरवून घेतला. पण लगेच धुळ्याला निघणं त्याला शक्य नव्हतं. त्याच सकाळी त्यांच्या बागेत केळीची कटाई होती, ट्रक उभा होता, माणसं लागलेली. तो म्हणाला, दुपारी गाडी घेऊन येतो, तोवर यांना सांभाळतो. अडचण एकच होती. माझी आई माळकरी. तिच्या घरात अंडंही शिरत नाही. तेव्हा भावाने डबा थेट बागेत नेला, ठिबकच्या टाकीशेजारी सावलीत ठेवला, गोणपाट पुन्हा थंड पाण्यात भिजवून पिळलं, चौकातल्या शीतपेयाच्या दुकानातून बर्फ आणून बाजूला लावला, वरून केळीची पानं घातली. मला फोन करून विचारलं, "यांना काही खायला द्यायचं का?"

असोद्यात कुठली गोष्ट लपत नाही. तासाभरात अर्धी गल्ली बागेत. कटाईची माणसं घड खाली ठेवून डब्याभोवती बसली. भावाने व्हिडीओ पाठवला. त्यात एक शेवंड लांबलचक मिशा हळूहळू फिरवते आहे आणि बायका एकदम मागे सरकतात, परत पुढे येतात. आणि कडेला, पदर नाकाला लावून, कोण उभं असावं? माझी आई. खायचं नाही, पण पाहायला काय हरकत आहे, असा तिचा चेहरा. ती म्हणत होती, "मले तं हा मोठा इच्चूच वाटते."

तिकडे असोद्यात असं, आणि इकडे धुळ्यात मालकाचा फोन. सगळं जमवलं होतं त्याने. क्रीम होतं, चीज होतं, मोहरीची पूड होती. एक गोष्ट राहिली होती. वरून आच लागेल असं त्याच्याकडे काही नव्हतं, नुसता तंदूर. तंदुरात खालून आणि बाजूने आच लागते, वरचं चीज भाजलं जात नाही. गोव्यात त्यासाठी वेगळं यंत्र होतं. "ताई, कुणाकडे छोटा ओव्हन असेल?"

आमच्याकडे होता. लॉकडाऊनमध्ये मी केक शिकायचं ठरवून घेतलेला. केक दोनच झाले, त्यानंतर तो आईंनी ताब्यात घेतला. त्यात त्या नानखटाई करतात, आणि पहिली ताटली देवापुढे ठेवतात. त्यामुळे विचारायची मला भीती वाटत होती. मी घाबरत घाबरत सांगितलं.

आई म्हणाल्या, "मंग मन्ही नानखटाईले मासाना वास यी."

"मी घासून देईन, आई. लिंबाने."

त्यांनी ओव्हनकडे पाहिलं, वरचं फडकं काढून घडी घातली. "दोनदा घासजो," म्हणाल्या.

संध्याकाळी आम्ही रिक्षाने निघालो, ओव्हन माझ्या मांडीवर. नवऱ्याला त्या रविवारी ड्यूटी लागली होती, तो दर थोड्या वेळाने फोन करून डबा कुठे पोचला ते विचारत होता. हॉटेलच्या दारात भाऊ आधीच येऊन उभा, मोटारसायकलवर नाही तर केळीच्या छोट्या टेम्पोत, हौद्यात मधोमध तो डबा.

मालकाने आम्हाला स्वयंपाकघरात घेतलं. त्याने डबा उघडला, एक शेवंड पाठीवरून उचलली, उलटी करून पाहिली, आणि त्याचा चेहरा असा झाला की मी भावाला कोपराने ढोसलं. परगावी असलेलं घरचं माणूस अवचित दारात दिसावं तसा.

आई पुढे येऊन म्हणाल्या, "फोटोमा नांग्या शेतस. याले कोठे शेतस?"

"तो परदेशातला, आजी. आपल्या समुद्रातल्याला नांग्या नसतात. मांस शेपटीत असतं. आणि गोड असतं."

मग त्याने आम्हाला बाहेर पाठवलं, म्हणाला जिवंत आहेत तोवर तुम्ही पाहू नका. परत आत बोलावलं तेव्हा शेवंडींचा रंग पालटला होता, हिरवट काळ्याच्या केशरी झाल्या होत्या आणि उभ्या चिरून पाटावर पालथ्या होत्या. त्याने मांस सोडवून तुकडे केले. कढईत लोणी टाकलं, अगदी बारीक चिरलेला कांदा, मैदा, मग थोडं थोडं दूध. एकाच दिशेने ढवळत होता. पिकल्या मिशांचा वेटर शेजारी उभा राहून पाहत होता. कार्डावरचं ते नाव त्यालाही आज पहिल्यांदाच कढईत दिसत होतं. क्रीम पडलं, मोहरी पडली, अंड्याचं पिवळं पडलं. मग मालकाने एक लहान बाटली काढली आणि अडखळला.

"काका, यात एक झाकण ब्रँडी पडते."

"मी खाणार नाही. मला काय विचारता? तिला विचारा," नाना म्हणाले.

आईंनी बाटली हातात घेऊन वास घेतला. "खोकलाले देतस ती ना? मंग टाक भाऊ."

मिश्रण कवचात भरलं, वर चीज किसून घातलं, आणि आमच्या नानखटाईच्या ओव्हनमध्ये ताट सरकवलं. काचेतून दिसत होतं, चीज आधी वितळलं, मग फुगलं, मग त्यावर सोनेरी डाग पडत गेले. लोणी, मोहरी आणि भाजलेलं दूध असा एकत्र वास सुटला. बाहेर जेवायला बसलेल्या एका कुटुंबातल्या आजोबांनी वेटरला विचारलं, आत काय चाललंय. तो रुबाबात म्हणाला, "शेवंड शे."

आईंसमोर ताट ठेवलं तेव्हा मालक स्वतः उभा होता, हात मागे बांधून. आईंनी काटा बाजूला ठेवला आणि बोटांनी एक तुकडा उचलला. हळूहळू चावला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. आमचं हे पाहणं त्यांना आवडलं नसावं, कारण त्यांनी खुर्ची थोडी वळवून घेतली. दुसरा तुकडा खाल्ला. मग चमच्याने कवच खरवडायला लागल्या, कडेचं भाजलेलं चीजसुद्धा.

"चांगलं लागस," त्या म्हणाल्या. मालकाने मागे बांधलेले हात सोडले. "गोड शे. मसाला नही, तरी लागस चांगलं. पन भाऊ, याना डोया काढी टाकाले पाहिजे व्हता. मी खास आनि तो मन्हाकडे देखी राहिना."

मालक इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं. म्हणाला, गोव्यात एवढ्या लोकांनी खाल्लं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

उरलेले अर्धे अर्धे भाग आम्ही वाटून घेतले. मी खाल्लं, भावाने आमच्या माळकरी आईला न सांगण्याच्या बोलीवर खाल्लं, वेटरने उभ्या उभ्या खाल्लं. चव सांगायची तर, झिंग्याहून मऊ आणि दाट, सुरुवातीला नुसतं दुधाळ वाटतं आणि मग मागून मोहरी नाकात येते. मला आवडलं. भाऊ म्हणाला ठीक आहे, पण वांग्याच्या भरताची सर नाही, आणि यावर वेटरने त्याच्याशी हात मिळवला. मालकाने एक तुकडा अगदी शेवटी घेतला. तो बाजूला, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन खाल्ला, आमच्याकडे पाठ करून. आल्यावर म्हणाला, "मीठ जरा कमी पडलं." कुणालाच ते जाणवलं नव्हतं.

नाना शेवभाजी आणि भाकरी खात होते. त्यांचं लक्ष मात्र ताटात नव्हतं. आईंनी कवच रिकामं करून बाजूला ठेवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं? पोट भरलं?" आई म्हणाल्या, "आजून एक भाकर सांगा. आते शेवभाजी खास."

तेवढ्यात डहाणूहून मित्राचा फोन आला. डबा पोचला का, कसं झालं. नाना सांगणार एवढ्यात आईंनी हात पुढे केला. या माणसाशी त्या कधी बोलल्या नव्हत्या. फोन कानाला लावून त्यांनी एकामागून एक विचारायला सुरुवात केली. हे समुद्रात कुठं राहतं, काय खातं, दगडात बसतं की वाळूत, पोरं किती होतात. मित्राला जेवढं येत होतं तेवढं त्याने सांगितलं. शेवटी तो थकून म्हणाला असावा की वहिनी, येऊनच पाहा, कारण आईंनी फोन नानांकडे देत जाहीर केलं, "आपण डहाणूले जाई राहिनूत."

परीक्षा संपल्यावर आम्ही गेलो. आईंनी समुद्र पाहिला, थोडा वेळ पाय भिजवले, आणि म्हणाल्या पाणी खूप आहे. पण त्या खऱ्या रमल्या त्या सकाळच्या मासळीबाजारात. शेवंडी जिच्याकडून आल्या होत्या ती कोळीण त्यांना भेटली. चांगली धिप्पाड, नाकात मोठी नथ, आवाज बाजारभर. आई अहिराणीत विचारत होत्या, ती तिच्या बोलीत उत्तर देत होती, आणि मधे मी उभी राहून दोघींना एकमेकींचं सांगायला लागले तर दोघींनीही मला बाजूला व्हायला सांगितलं. कोळणीने आईंच्या हातात एक जिवंत खेकडा देऊन तो कसा धरायचा ते दाखवलं. आईंनी तिला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कशी थापतात ते हवेत हात फिरवून दाखवलं. मग तिने आपला बसायचा पाट सरकवला, आईंना शेजारी बसवून घेतलं, आणि गिऱ्हाईक आलं की दोघी मिळून भाव सांगू लागल्या.

नाना आणि त्यांचा मित्र समोरच्या टपरीवर चहा पीत होते. मी जाऊन म्हटलं, नाना, निघायचं ना, ऊन वाढतंय. नानांनी चष्मा पुसून पलीकडे पाहिलं. आई कुणाला तरी बोंबलांचा वाटा दाखवत होत्या.

"बसू दे तिला," ते म्हणाले, आणि अजून एक चहा सांगितला.